ठसका लागला की मान सोडायची

कडुबा दोनदा पळाला होता.

पहिल्या वेळेला ‘पळाला’ म्हणू नका, असं त्याचं म्हणणं. ब्लडप्रेशर चढलं म्हणून डॉक्टरांनीच घरी पाठवलं, त्याला तो काय करणार? पण आदल्या दुपारी त्यानं लोणच्याचा खार वाटीभर चाटून संपवला होता, हे त्याच्या बायकोला, गोजरबाईला, बरणीत डोकावल्यावर कळलं होतं. दुसऱ्या वेळेला मात्र बोलायला तोंडच नव्हतं. सिस्टर कागद आणायला आत गेली तेवढ्यात हा बहाद्दर ऑक्सिजनची छोटी टाकी खांद्याला अडकवून कॅन्टीनच्या दारानं बाहेर पडला. पन्नास पावलांना त्याला पाव तास लागला असेल. मुलानं, अंगदनं, शोधून काढला तेव्हा दवाखान्यामागच्या लिंबाखाली बसून तिथं बांधलेल्या कुणाच्यातरी शेळीला कानामागं खाजवत होता, आणि धापा टाकत होता.

आज दुर्बिणीच्या तपासणीची तिसरी तारीख होती.

आता भ्यायला कोण भीत नाही? पण कडुबाच्या भीतीवर जो तो एकच काढा पाजत होता, की भ्यायचं नाही. अंगद म्हणायचा, बाबा, आजकाल सगळ्यांच्याच दुर्बिणी होतात. शेजारचे म्हणायचे, आमच्या मेव्हण्याची झाली, दुसऱ्या दिवशी मटण हाणलं त्यानं. अशा लोकांना काय म्हणावं? भिऊ नको म्हणणारे शंभर भेटतात, कशाला भितोस म्हणून विचारणारा एक भेटत नाही. अर्थात कुणी विचारलं असतं तरी कडुबानं सांगितलं असतंच असं नाही. ती गोष्ट त्यानं बावीस वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

दुखणं चार वर्षांचं. फर्दापूरच्या वरच्या डोंगरात मेंढरं राखताना त्याला कोरडा खोकला लागला तो गेलाच नाही. आधी चढावर दम लागायचा, मग सपाटीला, मग नुसतं बोलताना. शेवटी मेंढरं विकली आणि नवराबायको अंगदकडे शहरात, पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत येऊन राहिली. खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरायचं. त्याची लांब नळी नाकाला लावून कडुबा खिडकीपर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा, दाव्याला बांधलेलं जनावर फिरतं तेवढाच. ज्याला कुंपण ठाऊक नव्हतं असा माणूस तो, पण त्यानं कधी कुरकुर केली नाही. खिडकीशी बसून डोळे मिटले की त्याला मेंढरं दिसायची. गल्लीतून स्कूलबस गेली की त्याला कळप वळल्यासारखा वाटायचा, आणि एखाद्या देवघरातली घंटी वाजली की तो मान वर करून पुढची मेंढी कुठं पोचली ते बघायचा. मग बोटाला लावायचं यंत्र घेऊन गोजरबाई यायची. वर्षापूर्वी त्यावर ब्याण्णव आकडा यायचा. आता शहाऐंशी यायचा.

विशाखा मॅडम म्हणून डॉक्टरीण होत्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सगळं नीट समजावलं होतं. आजार दोन असू शकतात आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर गवताच्या गंजीत निखारा टाकल्यासारखं होईल.

“आत बघितल्याशिवाय मला औषध देता येणार नाही बाबा,” त्या म्हणाल्या होत्या, “आणि नुसतं थांबलो तर हा आकडा खाली येत राहणार.”

म्हणजे गोष्ट सरळ होती. दुर्बीण नाही तर इलाज नाही, आणि इलाज नाही तर कडुबा फार दिवस खिडकीपर्यंतसुद्धा जाणार नव्हता. हे त्यालाही कळत होतं. कळून वळत नव्हतं त्याचं कारण मॅडमच्या पुढच्या बोलण्यात होतं. दुर्बीण म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक नळी, ती तोंडातून श्वासनळीत घालायची. “खाली पोचलं की थोडं पाणी सोडतो,” मॅडम म्हणाल्या, “आणि लगेच परत ओढून घेतो. त्या पाण्यात काय येतं ते तपासतो. मग एक बारीक तुकडा काढतो.”

कडुबानं ‘श्वासाच्या नळीत पाणी सोडतो’ एवढंच ऐकलं. पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही.

श्वासाच्या नळीत पाणी सोडलं की काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मेंढराला जंताचं औषध बांबूच्या नळकांड्यानं पाजतात. जनावर दोन गुडघ्यांत धरायचं, डावा हात जबड्याखाली घालायचा, तोंडाच्या कोपऱ्यातून नळकांडं सरकवायचं आणि हळूहळू ओतायचं. मान फार उचलायची नाही. कडुबाच्या बापानं, खंडेरावानं, पोराच्या हातात पहिलं नळकांडं देताना एकच नेम सांगितला होता: “ठसका लागला की मान सोडायची. मंग राजा हाका मारीत असंल तरी आधी मान सोडायची.”

बावीस वर्षांमागं, श्रावणाच्या तोंडावर, कडुबा सव्वाशे मेंढरांना औषध पाजत होता. फर्दापूरच्या एका हॉटेलात रंगीत टीव्हीवर मॅच लागणार होती आणि त्याला ती बघायची होती. एवढंच कारण. मोठं काहीतरी असतं तर माणसाला जरा बरं वाटतं, पण खरं कारण एवढंच होतं. शेवटच्या दहाबारांत एक होती टिकली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही मेंढी गोजरबाईला माहेरहून दिलेली, कळपाच्या पुढं चालणारी. तिला ठसका लागला. कडुबाला हाताखाली तो कळला. अजून दोनच घोट राहिले होते, म्हणून त्यानं मान सोडली नाही.

टिकली तिसऱ्या दिवशी गेली. तीन दिवस तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती. गोजरबाई रडली, तेव्हा कडुबा म्हणाला, साप चावला. गोजरबाईचा भाऊ चौकशीला आला, तेव्हा त्यानं बिरोबाच्या देवळात हळदीचा भंडारा उचलून शपथ घेतली, सापच. भंडारा उचलल्यावर कोण काय विचारणार? आणि अठरा वर्षांनी कडुबाला खोकला लागला तेव्हा त्याच्या मनानं एक गोष्ट पक्की धरली, की टिकलीच्या छातीत जे ओतलं तेच फिरून आपल्या छातीत आलंय. आता डॉक्टर त्यावर आणखी पाणी सोडणार होते.

तर आज सकाळी चहा नाही, पाणी नाही, उपाशी पोटी तो रिक्षात बसला. एका बाजूला गोजरबाई, दुसऱ्या बाजूला रजा टाकून आलेला अंगद, मध्ये मांडीवर टाकी. अंगद शेंद्र्याच्या कंपनीत होता आणि बापाच्या पायी त्याची ही तिसरी रजा. पुंडलिकनगरातून रिक्षा बाहेर पडली, गजानन महाराजांच्या चौकात सिग्नलला थांबली. कडुबानं डोळे मिटले. उघडले तेव्हा समोरच्या मोटारींच्या मधून मेंढरं चालली होती. सावकाश, एकमेकींच्या पाठीवर हनुवट्या टेकून. हॉर्न वाजत होते आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या लोकरीत डोंगरावरचं दव तसंच होतं. कडुबाला नवल वाटलं नाही. ऑक्सिजन कमी पडला की असं दिसतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणाल्या असतील. त्याला मात्र ती बघून जरा धीर आला, कारण एवढ्या सगळ्या चालल्यात म्हणजे वाट कुठंतरी जातच असणार.

“काय बघू राहिले?” गोजरबाईनं विचारलं.

“काय नाय. सिग्नल सुटला,” तो म्हणाला.

दवाखान्यात त्याला हिरवा अंगरखा घातला आणि एका लांबट खोलीत खाटेवर बसवलं. अंगद खाली कागदांच्या रांगेत लागला. गोजरबाईला खाटेजवळ बसू दिलं. सुकेशनी म्हणून सिस्टर होती. मागच्या दोन्ही वेळांना तीच होती, त्यामुळं कडुबाला तिच्याकडं बघायची लाज वाटत होती.

“या बाबा,” ती म्हणाली. “कॅन्टीनचं दार मी स्वतः कडी घालून आली बरं का आज.”

गोजरबाई हसली. कडुबा हसला नाही.

सुकेशनीनं त्याच्या नाकातोंडावर वाफेचा मुखवटा बसवला. घसा बधिर करायचं औषध होतं. “आत ओढा. कडू लागंल जरासं. घसा जाड झाल्यावानी वाटंल, गिळताना काय कळणार नाही, तवा घाबरायचं नाही.”

पुन्हा तेच, घाबरायचं नाही. कडुबानं वाफ ओढली. कडूजहर. मुखवट्याच्या भोकांतून पांढरं धुकं बाहेर सांडायला लागलं, हनुवटीवरून छातीवर, छातीवरून खाटेवर. त्या धुक्यातून एक मेंढी आत आली. मग दुसरी आली. बघता बघता खोली भरली. त्या खाटांच्या मधे बसल्या, पाय पोटाखाली दुमडून, आणि रवंथ करायला लागल्या. एकीनं सलाईनच्या खांबाला अंग घासलं. त्यांच्या गर्दीत टिकली आहे का, हे बघायचा कडुबाला धीर होईना. त्यानं नजर छताकडं लावली.

बोटाच्या यंत्रानं टी-टी करायला सुरुवात केली. सुकेशनीनं आकडा बघितला, यंत्र बंद केलं आणि मुखवटा बाजूला केला. नाडी एकशेतीसवर गेली होती. मागच्या खेपेला ती एवढ्यावरच नोंदीचा कागद आणायला आत गेली होती. या खेपेला तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

“बाबा, तुमाला नेमकी कशाची भीती वाटती?”

कडुबानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. चार वर्षांत, दोन तारखांत, एवढ्या शहाण्या माणसांत हे विचारणारी ही पहिली. आणि तिनं विचारलं तेही कसं, तर हातातलं काम खाली ठेवून.

“तुह्या घरी जनावरं होती का पोरी?” त्यानं विचारलं. घसा जड झाला होता, शब्द लोळत येत होते.

“दोन शेरड्या होत्या. मही आजी राखायची. शेंद्र्याला, कंपन्या यायच्या आधी.”

“मंग तुला कळंल.” त्यानं दम घेतला. “मला एवढंच सांग, ठसका लागल्यावर तुमी थांबता का?”

“म्हंजी?”

आणि मग त्यानं सांगितलं. तुटक तुटक, मधे थांबून, जिभेला जमेल तसं. नळकांडं, मॅच, शेवटचे दोन घोट. गोजरबाई शेजारीच बसली होती. तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवून तो सुकेशनीच्या खिशातल्या पेनाकडं बघत बोलला. “तिला ठसका लागला अन् मी मान सोडली नाय,” तो म्हणाला. “मला कळलं व्हतं. हाताला कळलं व्हतं. तरी नाय सोडली.”

कडुबानं डोळे मिटून घेतले. आता गोजरबाई उठून जाईल, असं त्याला वाटलं. गेली तर गेली, तिचा हक्कच होता.

“म्हंजी साप नव्हता?” गोजरबाईनं विचारलं.

“नाय.”

“बावीस वर्सं,” ती म्हणाली, “बावीस वर्सं मी त्या वारुळाला लाह्या वाह्यल्या. दर पंचमीला. नागोबा, मह्या मेंढीला खाल्लंस ते खाल्लंस, आता मह्या लेकराला सांभाळ म्हणून. दूध ठिवलं. भर पावसात चिखल तुडवीत डोंगर चढून गेले!” तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “त्या नागाला काय वाटलं आसंल वो? न केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन घेऊन बेजार झाला आसंल बिचारा.”

सुकेशनीनं तोंडावर हात घेतला. कडुबानं डोळे उघडले. गोजरबाई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. दोन्ही तिचंच होतं आणि दोन्ही खरं होतं.

“तवाच सांगितलं आसतं तर चार शिव्या दिल्या आसत्या,” ती म्हणाली. “जेवायला नसतं वाढलं एक दिस. तेवढ्यावर मिटलं आसतं. येवढं छातीत घेऊन कामून बसले?”

सुकेशनी उठली आणि आत गेली. कडुबाला वाटलं, गेली कागद आणायला. पण ती विशाखा मॅडमना घेऊन बाहेर आली. मॅडमच्या डोक्याला टोपी होती, मुखवटा गळ्यात लोंबत होता. बाहेर बाकावर आणखी पाच जण उपाशी पोटी बसले होते, तरी मॅडमही स्टुलावर बसल्या.

“सिस्टरनं सांगितलं मला,” त्या म्हणाल्या. “बाबा, मी खोटं बोलणार नाही. खोकला येणार. प्रत्येक खोकल्याला मी बाहेर आले तर आत जाताच येणार नाही. थोडा खोकला मी औषध सोडून शांत करीन. पण तुम्हाला सहन होत नाही असं वाटलं, तर हा हात वर करा. उजवा. तो वर आला की मी थांबेन, मग आत काहीही चाललेलं असो.”

“काम आर्धं आसलं तरी?”

“अर्धं असलं तरी.”

“दोनच घोट राह्यले आसले तरी?”

“तरी,” मॅडम म्हणाल्या.

कडुबानं गोजरबाईच्या पदराकडं बोट केलं. पदराच्या गाठीत भंडाऱ्याची पुडी कायम असायची. “मंग भंडारा उचला,” तो म्हणाला.

गोजरबाईनं गाठ सोडायला घेतली. मॅडमनी हात जोडले. “मी भंडारा उचलत नाही बाबा. आमच्या घरात देवाची शपथ घेत नाहीत. मी शब्द देते. पाळते.”

दुसरा कुणी असता तर रागावला असता. पण भंडाऱ्याची शपथ काय भावानं विकली जाते ते कडुबाला चांगलं ठाऊक होतं. त्यानं स्वतः उचलला होता तो, बिरोबाच्या पायाशी, डोळ्याला डोळा देऊन. या बाईनं देवाला मधे न घालता नुसतं तोंडानं सांगितलं होतं.

“चला,” तो म्हणाला.

आत गार होतं आणि हिरवं होतं. त्याला खाटेवर रेलून बसवलं, दातांत प्लास्टिकची कडी दिली, नाकात ऑक्सिजन घातला. उजवा हात चादरीबाहेर मोकळा ठेवला, आणि तो मोकळा आहे हे सुकेशनीनं दोनदा बघितलं. डाव्या हाताच्या सुईतून काहीतरी गार वर चढायला लागलं. “झोप येईल,” मॅडमचा आवाज आला, “पूर्ण नाही. ऐकू येत राहील.”

गार पाणी कोपरापर्यंत आलं, खांद्यापर्यंत आलं. डोंगराखालच्या वाघूर नदीच्या पात्रात उतरल्यासारखं वाटलं. हो, वाघूरच होती, पलीकडं डोंगर आणि डोंगराच्या कुशीत सकाळचं ऊन. कळप पाण्यातून चालला होता. पण आज कळप त्याला वरून दिसत नव्हता. तो त्याच्या आत होता, त्याच्याच उंचीवर. दोन्ही बाजूंना ओली लोकर, पुढं पाय, पायांखाली गोटे, आणि कुणाचा तरी गरम श्वास मानेवर. किती आवाज असतो आत, त्याला वाटलं. बाहेरून नुसता कळप दिसतो. आत प्रत्येकीचा वेगळा श्वास वाजत असतो.

कुणीतरी त्याच्या जबड्याखाली हात घातला.

त्यानं तो हात ओळखला. अंगठ्यावर कातरीची जुनी खूण होती. त्याचाच हात होता तो, बावीस वर्षांमागचा, घाईतला. तोंडाच्या कोपऱ्यातून काहीतरी आत सरकलं, घशाच्या खाली गेलं, जिथं काहीच जाऊ नये तिथं गेलं. मग कुणीतरी लांबून म्हणालं, पाणी सोडतेय बाबा, आणि छातीत गार काहीतरी पसरलं.

ठसका आला. अंग आतून बाहेर उलटावं असा. आता हात वर करायचा, त्याला आठवलं, उजवा. त्यानं उजवा हात शोधला आणि तो सापडेना. त्याच्याजवळ खूर होता. चारही खूर होते आणि चारही नदीच्या चिखलात रुतलेले. मेंढराला हात कुठून असणार? ते कसं सांगणार, थांब म्हणून? ते एकाच तऱ्हेनं सांगू शकतं, आणि तेवढं टिकलीनं सांगितलं होतं. अगदी नीट, स्पष्ट, त्याच्या तळव्याला कळेल असं सांगितलं होतं. माणसाच्या जन्मात कडुबाला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. सगळं बळ एकवटून त्यानं जे काही होतं ते वर उचललं.

जबड्याखालचा हात सुटला.

मान खाली आली. खाली गवत होतं, ओलं, आणि श्वास होता, वाटेल तेवढा. कळप त्याच्यासाठी थांबला होता. कुणी हाका मारत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. नदी सावकाश वाहत होती आणि ऊन डोंगरावरून खाली उतरत होतं. आपण कधीपर्यंत असं उभं राहायचं, असं त्याला कुणी विचारलं नाही. त्यानं मनासारखा श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि मग आपण होऊन एक पाऊल पुढं टाकलं.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं घड्याळ साडेबारा दाखवत होतं. तो बाहेरच्या खाटेवर होता. घसा लाकडाचा झाला होता. एका बाजूला अंगद, दुसऱ्या बाजूला गोजरबाई. तिनं त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

“पाणी,” तो म्हणाला.

“दोन तास नाही,” सुकेशनी म्हणाली. “घसा अजून झोपलाय. चुकून श्वासाच्या नळीत जाईल.”

कडुबानं मान डोलावली. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग त्यानं आजूबाजूला बघितलं. खोलीत बाकीच्या खाटा होत्या, सलाईनचे खांब होते, आणि मेंढरं नव्हती.

“पोरी,” त्यानं विचारलं, “म्या हात वर केला व्हता का? का सपनात केला?”

“केला ना. चार वेळा.”

“मंग?”

“मंग काय, चारही वेळा थांबलो.”

तेवढ्यात विशाखा मॅडम आल्या. दमलेल्या दिसत होत्या. बाहेर बाकावर अजून चार जण बसलेले होते आणि त्यातल्या एकाचा मुलगा उशीर झाला म्हणून आवाज चढवून गेला होता. मॅडम अंगदशी बोलल्या, पण कडुबाला ऐकू येईल अशा बेतानं. पाणी मिळालं, ते तपासायला गेलं, त्यातून काही गोष्टी कळतील. तुकडा मात्र राहिला. चौथ्या वेळेला त्या अगदी जागेवर पोचल्या होत्या, चिमटा आत होता, मिनिटाभराचं काम होतं, आणि बाबांचा हात वर आला.

“मग मी बाहेर आले,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर आज पुन्हा आत जाणं बरं नव्हतं. तुकड्यासाठी परत यावं लागेल. गुरुवारी.”

अंगदनं गोजरबाईकडं बघितलं, गोजरबाईनं अंगदकडं. दोघांच्याही मनात एकच आलं. संपलं. तीन खेपा करून इथवर आणला होता, आता या माणसाला पुन्हा या दारात कोण आणणार? गोजरबाईनं त्याचा हात आणखी घट्ट धरला.

कडुबा मॅडमकडं बघत होता. मिनिटाभराचं काम होतं. रांगेत माणसं बसली होती, लोक आवाज चढवत होते, आणि या बाईनं काम तसंच टाकून मान सोडली होती. त्याच्या पायी तिचं काम अर्धं राहिलं होतं. असंही करता येतं. कुणीही करू शकतं. तोही करू शकला असता. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं पुसलेही नाहीत, कारण हात गोजरबाईकडं होता.

“बेस्तरवारी किती वाजता?” त्यानं विचारलं.

मॅडम चपापल्या. “आठ वाजता. उपाशी पोटी.”

“येतो,” कडुबा म्हणाला.

अंगदचा विश्वास बसेना. त्यानं घाईघाईनं मोबाईल काढला. “मी रजा टाकतो बाबा. आत्ताच टाकतो गुरुवारची.”

“कामून?” बधिर घशानं कडुबा त्याच्यावर खेकसला. “मी काय पळून चाललो?”